शेपटाची शिट्टी

२ फेब्रुवारी, रविवार

जगात आजवर जेवढ्या नावा बांधल्या गेल्या, त्यांच्याकडून माणसाने एकच माफक अपेक्षा ठेवली — पाणी बाहेर राहावं. भोक पडलं तर बुजवायचं, ही अक्कल आपल्या पूर्वजांना कपडे घालायच्याही आधी आली असावी. आणि आमचं हे मंडळ! यांच्या कयाकला बसायच्याच जागी चांगला अंगठा जाईल एवढी भोकं — आणि तीही मुद्दाम ठेवलेली! वन्संनी समजावलं, "आत आलेलं पाणी त्यातून निघून जातं, वहिनी." मी विचारलं, "आणि आत येतं कुठून?" म्हणाल्या, "त्यातूनच."

दर आठवड्याला सदरातून मंत्र्यांपासून महापुरुषांपर्यंत सगळ्यांना सुनावणारी मी — आणि एका प्लास्टिकच्या नावेने माझी बोलती बंद केली.

सबंध सकाळ थंडगार पाण्यात बूड. परतताना गाडीची सीट भिजू नये म्हणून वर्तमानपत्र अंथरलं, तर वर आलं नेमकं माझंच सदर. त्यावर बसून घरी आले. त्याचा इतका थेट उपयोग आजवर कुणी केला नसेल.

हे सगळं वन्संचं कारस्थान. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. वयाने माझ्याहून लहान, पण नात्याने वन्सं, म्हणून अहो-जाहो. धंद्याने दातांची डॉक्टर. दिवसभर लोक समोर तोंड उघडं टाकून गप्प पडलेले असतात, त्यामुळे आपलं म्हणणं सगळ्यांना पटतं असा बाईंचा समज झालाय. रविवारचं हे कयाकमंडळ त्याच चालवतात. "दिवसभर खुर्चीत बसून लोकांना टोचत असता. जरा पाण्यावर या!" म्हटलं, तुम्ही तरी दिवसभर काय करता?

पण गेले. आणि एक गोष्ट लिहायलाच हवी (इथे कोण वाचतंय!) — तळ्याच्या काठापासून जरा लांब गेल्यावर वल्हं नुसतं मांडीवर ठेवून बसले होते. वल्ह्यावरून थेंब पडत होते. बाकी कसलाही आवाज नाही. पन्नाशी ओलांडली मी, आणि इतकं गप्प बसणं मला कुणी शिकवलंच नव्हतं.

३ फेब्रुवारी

हात खांद्याच्या वर जात नाहीत. हे म्हणाले, "मग केस कोण विंचरणार?" म्हटलं, तुमची बहीण.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तळ्यातून वर नदीत गेलो. मी अर्थातच मागे. पण सगळ्यात मागे नाही! माझ्या मागे मावशी होत्या.

मावशी सगळ्यांच्याच मावशी. सत्तरीच्या आसपास. सारी उमर शाळेची बस चालवली. खांदे दरवाज्याएवढे, आवाज हॉर्नसारखा. मला "पोरी" म्हणतात. या वयात पोरी म्हणून घ्यायला काय बरं वाटतं!

मंडळाची एक पद्धत कळली. सगळ्यात शेवटच्या नावेतल्या माणसाला इथे "शेपूट" म्हणतात — तोंडावर, आणि मानाने. त्याच्या गळ्यात लाल शिट्टी. एक लांब फुंकली की सगळ्यांनी थांबायचं. दोन आखूड म्हणजे मागे सगळं ठीक. शेपटाने कुणालाही ओलांडायचं नाही. आणि शेपूट काठाला लागल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही, मग पोटात कावळे ओरडोत. मंडळ निघाल्यापासून शेपूट एकच — मावशी.

मला वाटतं, वयामुळे दिलं असावं हे काम. बिचारीला दम फार लागतो. दर वळणावर — "थांब गं पोरी जरा. दमले मी." आम्ही थांबायचो. नदीकाठची झुडपं, पाण्यावर वाकलेली एक फांदी, तिच्यावर ध्यानस्थ बसलेला एक पांढरा पक्षी. मग मावशीच म्हणायच्या, "हं, आता बरं वाटतंय. निघू या?"

शेवटी तर मी माझी पाण्याची बाटलीच त्यांना दिली. घटाघटा प्यायल्या. म्हणाल्या, "तू होतीस म्हणून पोचले बघ."

छाती फुगवून घरी आले. ह्यांना सांगितलं, आज एका म्हाताऱ्या बाईला मी सुखरूप आणलं. हे म्हणाले, "तू? कुणाला?" नवऱ्याला बायकोचे गुण दिसायला वेगळा चष्मा लागतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मुख गाठायचं होतं. तळ्याच्या टोकाला एक चिंचोळी वाट आहे, ती वाळूच्या दोन दांड्यांमधून थेट समुद्राला मिळते. एरवी तिथे पाण्याला भयंकर ओढ. पण भरती पुरती चढली आणि ओहोटी अजून लागली नाही, असा मधे थोडा वेळ येतो — मंडळाच्या भाषेत "पाणी उभं राहतं." तेवढ्यात मुखाशी जायचं, समुद्र बघायचा, माघारी फिरायचं. सकाळच्या वेळी असा योग पंधरवड्यातून एकदा. पाणी वाहायला लागलं की जुन्या धक्क्याच्या खांबांपुढे कुणी जायचं नाही. वन्सं इतर बाबतीत चेष्टा चालवून घेतात, यात नाही.

आम्ही दोघी खांबांशी पोचलो तेव्हा पाणी वाहायला लागलं होतं. मावशींना तीनचारदा थांबावं लागलं ना! खांबाला धरून बसलो. पुढे वाट वळते, त्यामुळे समुद्र दिसत नाही. नुसता ऐकू येतो.

एकेक जण परत येऊ लागला. पहिला बाण. हा घरांचे नकाशे काढतो आणि सदैव सगळ्यांच्या पुढे सुटतो, म्हणून बाण. सगळ्यांचे चेहरे असे धुतल्यासारखे! मला मनातून थोडा रागच आला मावशींचा. म्हटलं, "तुम्ही तर खूपदा पाहिलं असेल."

"मी? छे गं. एकदाही नाही."

"अहो, असं कसं?"

"मागे कुणीतरी असतंच ना," मावशी म्हणाल्या. आणि खांबाला चिकटलेले शिंपले मोजत बसल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दाढ ठणकत होती. वन्संच्या दवाखान्यात. खुर्ची आडवी, दिवा डोळ्यांवर, तोंडात आरसा, नळी आणि वन्संची दोन बोटं. अशा वेळी बाई गप्पा काढतात!

"मावशीचा खांदा गेला हो, वहिनी. एप्रिल लागला की ऑपरेशन."

"आँ!"

"हो ना. त्यानंतर वल्हं कायमचं बंद, असं सांगितलंय डॉक्टरांनी. आणि मुख पाहायचं राहिलंय बिचारीचं. परवा मला म्हणाली, समुद्राचं तोंड न बघताच मी निवृत्त होणार. हसत म्हणाली. पण मी ओळखते ना तिला."

"आँ आँ आँ?" — म्हणजे मला म्हणायचं होतं, इतका दम लागतो, मग जाणार कशा? वन्संना या भाषेची सवय आहे.

"दम? मावशीला? काहीतरीच काय! ती इथून मुखापर्यंत जाऊन परत येईल, तुमचं आवरून होईपर्यंत. तुम्ही दमलेल्या दिसलात म्हणून थांबली असेल. तशीच करते ती. मागच्याला कळू द्यायचं नाही की तो मागे आहे. पहिल्या वर्षी मीसुद्धा तिला ग्लुकोज पाजलं होतं!... मोठं उघडा. अजून."

आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड इतका वेळ उघडं होतं आणि त्यातून एक शब्द निघाला नाही.

"थुंका," वन्सं म्हणाल्या.

२० फेब्रुवारी

बिचारीसाठी थांबत होते मी! बाटली दिली! बिचारीला!!

२१ फेब्रुवारी

आणि ती प्यायली. तहान नसताना, अर्धी बाटली. तेच डोक्यातून जात नाही. लोकांचा पोकळपणा चव्हाट्यावर आणणं हा माझा धंदा. आणि या बाईने माझा पोकळपणा पाहिला, तो अलगद झाकला, वर मला दहा दिवस छाती फुगवून फिरू दिलं. शिवाय माझ्यामुळे तिचा त्या दिवशीचा समुद्र हुकला, तोही हसत सोडून दिला.

हे सदरात घालता येणार नाही. टोचायला कुठे जागाच नाही.

२ मार्च, रविवार

फजिती! तीही सामुदायिक.

वन्संनी सगळ्यांना गुपचूप सांगून बेत ठरवला होता — आज मावशी पुढे, शिट्टी बाणाकडे. मावशींनी आढेवेढे घेतले, पण लहान मुलासारख्या लाजल्या देखील. निघालो. मावशी पहिल्या नावेत, मागे आमची रांग, मिरवणूकच!

पन्नासेक हात गेल्यावर मावशींनी मागे बघितलं. आता कयाकमध्ये नुसती मान वळवून भागत नाही, मागे बघायचं तर अख्खी नाव वळवावी लागते. मावशींनी वळवली. मागचा त्यांच्यावर आपटू नये म्हणून थांबला, त्याच्या मागचा त्याच्यावर आपटला. सगळे सरळ झाले, निघाले. मावशी पुन्हा वळल्या. एवढं मोठं रिकामं तळं, आणि मधोमध चौकातल्यासारखी कोंडी! हॉर्न तेवढे नव्हते.

बाणाला शेपूट व्हायचं म्हणजे उभ्या जन्मात न जमणारं काम. सवयीने सुटला आणि कधी आमच्यात येऊन मिसळला त्याचं त्यालाच कळलं नाही. मागे एकटीच राहिली ती लॅबवाली — रक्त तपासायच्या लॅबमधली नवी मुलगी, दुसरीच वेळ तिची. नाव आडवी, वल्हं उलटं, चेहरा रडवेला. ती पहिल्यांदा दिसली कुणाला? मावशींनाच. पुढून. आम्हा सगळ्यांना ओलांडून गेल्या तिच्याकडे.

पाणी वाहायला लागलं. मुख राहिलं.

काठावर मावशींनी बाणाच्या गळ्यातली शिट्टी स्वतःच्या हाताने काढून घेतली. "नको रे बाबांनो तुमचा मान. बसमध्ये डोक्यावर आरसा असायचा माझ्या. एकेक डोकं दिसायचं त्यात, म्हणून रस्त्याकडे बघता यायचं. इथे मागे काय चाललंय, मला काय कळतंय?"

डबे उघडले, पण कुणी धड जेवलं नाही.

९ मार्च, रविवार

बाण स्कूटरचा आरसा घेऊन आला! अपराधी माणूस कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही. मावशींच्या नावेला पट्ट्यांनी, दोऱ्यांनी बांधला. मावशी बसल्या, बघितलं. म्हणाल्या, "अरे, यात तर माझी हनुवटीच दिसतेय. इतकी वर्षं झाली, ही अशी आहे म्हणून मला कुणी सांगितलं नाही!"

पहिल्याच लाटेला आरसा तळ्यात गेला. बाण म्हणाला, "कोन चुकला." मावशी त्याची पाठ थोपटत होत्या. ज्याच्यावर चिडायचं त्याचीच पाठ थोपटायची, हे कुठे शिकतात लोक?

परतताना सुचलं — आरसा बघायचाच कशाला? ऐकूही येऊ शकतो की. दोन आखूड शिट्ट्या. मागे सगळं ठीक. पण शिट्टी कुणीही फुंकेल. फुंकणाऱ्यावर मावशींचा भरवसा बसायला हवा.

कुणाचं नाव सुचलं ते लिहायला लाज वाटते.

१६ मार्च, रविवार

आज पाणी उभं राहायचं होतं, सगळे मुखाकडे सुटले. मी मुद्दाम मागे राहिले, मावशी आणि लॅबवालीबरोबर. बघायला.

काय कारागिरी आहे! लॅबवालीचे खांदे कानाकडे चढायला लागले, की ती दमल्याचं तिला कळायच्या आत मावशींची टोपी सैल होते. मग खांदाच धरतो. मग काठावरचं एखादं झाड त्यांना नीट बघायचं असतं. "चल लवकर" नाहीच, पण "शाबास"सुद्धा नाही. मी हळूच विचारलं तर म्हणाल्या, "शाबास म्हटलं की माणसाला कळतं, आपण मागे पडलोय." आणि नाव अशी ठेवायची, की त्या पोरीला नुसतं त्यांच्या वल्ह्याचं टोक दिसत राहावं. नाव वळवून मागे बघायची वेळच येऊ नये तिच्यावर.

आणि मी काय केलं? लॅबवालीची नाव तिसऱ्यांदा झुडपात घुसली, तेव्हा तोंडातून गेलंच — "झुडपाचं रक्त घ्यायचंय का गं?"

ती हसली. पण मग वल्ह्याचा ताल जो गेला तो गेलाच. मावशींनी माझ्याकडे बघितलं. काठावर आल्यावर बाजूला घेऊन म्हणाल्या, "तोंड आहे की टाचण्यांचा डबा?"

संपादक याच डब्याचे पैसे देतात, असं उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं. आयुष्यातलं पहिलं.

आता एकच सकाळ उरली. तीस तारीख. त्याच आठवड्यात मावशी दवाखान्यात.

२३ मार्च, रविवार

गाडीतून उतरल्या उतरल्या मावशींना सांगितलं, "पुढच्या रविवारी शिट्टी मला द्या."

हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, ड्रायव्हर नवं टायर बघतो तसं. "चल तर. समज, मी लॅबवाली. ने मला पलीकडच्या काठाला."

आणि काय सतावलं मला त्या बाईने! नाव गोल गोल फिरवली. वल्हं पाण्यात सोडलं. "काकू, ऊन लागतंय." "काकू, मला नाही जमणार." "काकू, अजून किती?" पहिल्या खेपेला मी म्हटलं, "अहो, सरळ चला ना!" तिथल्या तिथे नापास. परत काठाला. पुन्हा सुरुवात.

दुसऱ्या खेपेला अर्ध्या वाटेत म्हटलं, "जरा थांबू या. माझी पाठ धरलीय."

"खोटं वाटतं," मावशी म्हणाल्या. "नुसती तोंडाने दमलीस. आधी हात ढिले सोड. मान खाली. मग बोल. आणि माझ्याकडे बघू नकोस, दमलेलं माणूस दुसऱ्याकडे कशाला बघेल?"

मान खाली घातली, हात सोडले. आणि खरंच दमल्यासारखं वाटलं! मावशी खुदकन हसल्या. तळ्याच्या मधोमध, दोन म्हाताऱ्या होऊ घातलेल्या बायका, दमण्याची तालीम करत होत्या. उजव्या हाताने त्या अलीकडे वल्हं जरा जपूनच मारतात. ते मात्र सोंग नव्हतं.

निकाल सांगितला नाही. शिट्टी गळ्यातच.

२९ मार्च

वन्संचा फोन. हवा चांगली आहे, वारा नाही. मग म्हणाल्या, "मावशी विचारत होती, या आठवड्यात वहिनींनी कुणाला टोमणा मारला का?"

मी रिसीव्हर ह्यांच्याकडे दिला. खरी साक्ष व्हावी म्हणून. हे बराच वेळ विचार करून म्हणाले, "मला सोडून कुणाला नाही."

पलीकडे वन्सं हसत सुटल्या. हसू द्या. उद्या मावशी पुन्हा वळल्या तर संपलं सगळं.

३० मार्च, रविवार

मी खाली वाकून पट्टा बांधत होते. गळ्यात काहीतरी पडलं. बघितलं तर लाल शिट्टी, आणि मावशी आपल्या नावेकडे निघालेल्या.

दोन आखूड फुंकल्या. पुढच्या वळणावर पुन्हा दोन. तिथे मावशींची नाव जराशी रेंगाळली. पण वळली नाही. वल्हं उभं वर धरलं — ऐकलं — आणि वाळूच्या दांड्यांमधून दिसेनाशी झाली. मागे वळून न बघता.

समुद्र मला आजही नुसता ऐकू आला. लॅबवालीचे खांदे कानाकडे चढायला लागले होते. मी हात ढिले सोडले, मान खाली घातली.

"थांबू या गं जरा. दमले मी."

"थांबा ना काकू, घाई कसली? मी आहे ना," ती म्हणाली, आणि बिचारीने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

तहान नव्हती. घटाघटा प्यायले.